विद्यापीठीय प्रकाशनांची पहिली आवृत्ती कशी ओळखावी?

वाळवी (धागालेखक)

तत्त्वज्ञान आणि गणित या विषयांवरची, विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्थांनी काढलेली जुनी इंग्रजी पुस्तके मी गेली काही वर्षे जमवत आहे. व्यापारी प्रकाशकांच्या कादंबऱ्यांची पहिली आवृत्ती कशी ओळखावी याविषयी पुष्कळ लिहिलेले सापडते. पण तेच नियम विद्यापीठीय पुस्तकांना लावायला गेले की कुठेतरी अडते. सध्या माझ्यासमोर तीन प्रती आहेत आणि तिन्ही मला 'पहिली आवृत्ती' म्हणून विकल्या गेल्या आहेत.

पहिली प्रत क्लॅरेंडन प्रेसची, म्हणजे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्याच प्रकाशनसंस्थेची, आहे. नामपृष्ठावर संस्थेचे नाव आहे, साल नाही. त्याच्या मागच्या पानावर 'फर्स्ट पब्लिश्ड १९३९' अशी ओळ आहे आणि तळाशी बारीक अक्षरांत एक लांब वाक्य आहे, ज्याचा शेवट 'फ्रॉम करेक्टेड शीट्स ऑफ द फर्स्ट एडिशन' या शब्दांनी होतो. विक्रेत्याने नेमके या शब्दांवर बोट ठेवून ही पहिली आवृत्ती असल्याचे सांगितले होते.

दुसरी प्रत जोसेफ कॅम्बेल यांच्या 'द हिरो विथ अ थाउजंड फेसेस' या ग्रंथाची. प्रकाशक प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेस, मागच्या पानावर बोलिंजन फाउंडेशनच्या नावे १९४९ चा कॉपीराइट. तिसरी प्रत ऑक्सफर्डचीच, कागदी बांधणीची. तिच्यात '१ ३ ५ ७ ९ १० ८ ६ ४ २' अशी आकड्यांची ओळ आहे आणि तीत एक हा आकडा शाबूत आहे.

या तिन्हींविषयी जाणकारांचे मत हवे आहे. त्याहून अधिक, निर्णय कशाच्या आधारावर करायचा हे समजून घ्यायचे आहे.

निवृत्त ग्रंथपाल

आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण निम्मी फसगत तिथेच होते. मराठीत आपण 'आवृत्ती' हा एकच शब्द दोन कामांना जुंपतो. मजकुरात फेरफार करून पुस्तक नव्याने काढले तरी ती दुसरी आवृत्ती, आणि तेच पुस्तक काहीही न बदलता पुन्हा छापले तरी तीही दुसरी आवृत्ती. विद्यापीठीय प्रकाशक 'एडिशन' हा शब्द बहुधा पहिल्याच अर्थाने वापरतात. नुसत्या पुन्हा छपाईला ते 'इम्प्रेशन', 'प्रिंटिंग' किंवा 'रीप्रिंट' म्हणतात. त्यामुळे एखादे पुस्तक दहा वेळा छापले गेले तरी प्रकाशकाच्या दृष्टीने ते पहिल्या आवृत्तीतच असू शकते. संग्राहकाला मात्र पहिल्या आवृत्तीची पहिली छपाई हवी असते. विक्रेता 'पहिली आवृत्ती' म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही; अर्धे खरे बोलत असतो, एवढेच.

आइनस्टाइन यांनी १९२१ साली प्रिन्स्टनमध्ये दिलेली व्याख्याने 'द मीनिंग ऑफ रिलेटिव्हिटी' या नावाने पुस्तकरूपात आली. त्याची दुसरी आवृत्ती १९४५ साली निघाली, तिसरी १९५० साली, आणि मजकुरात परिशिष्टांची भर पडली. इथे 'आवृत्ती' या शब्दाला वजन आहे. थॉमस कून यांचे 'द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्यूशन्स' शिकागो विद्यापीठाच्या संस्थेने १९६२ मध्ये काढले. १९७० च्या दुसऱ्या आवृत्तीला उत्तरलेख जोडला गेला आणि १७२ पानांचे पुस्तक २१० पानांचे झाले. असा फरक पृष्ठसंख्येवरूनच कळतो, त्याला तज्ज्ञ लागत नाही. अडचण येते ती दोन आवृत्त्यांच्या मधल्या छपायांची.

आणि इथे या पुस्तकांचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. विसाव्या शतकातील पुष्कळ विद्यापीठीय पुस्तकांची पहिली छपाई स्वतःविषयी विशेष काही बोलत नाही. कुठे 'फर्स्ट पब्लिश्ड' आणि साल असते, कुठे नुसता कॉपीराइट असतो. बोलतात त्या पुढच्या छपाया. म्हणून पहिल्या छपाईची ओळख बहुतेक वेळा काय छापले आहे यावरून पटत नाही, काय छापलेले नाही यावरून पटते. असा नकारात्मक पुरावा एकटा कच्चा असतो. त्याला इतर खुणांचा टेकू लागतो.

फर्मा

माझे आयुष्य छपाईच्या धंद्यात गेले, म्हणून पहिल्या प्रतीविषयी मी बोलतो. वाळवी, आपण त्या लांब वाक्याचा शेवट दिला आहे. सुरुवात 'रीप्रिंटेड लिथोग्राफिकली' अशी आहे का, ते पाहावे. मला खात्री आहे की तसेच असेल.

'पहिल्या आवृत्तीच्या शीट्सवरून' या शब्दांचा अर्थ 'पहिल्या आवृत्तीचे फर्मे (छापून घडी घातलेले ताव) वापरून बांधलेली प्रत' असा लावण्याचा मोह होतो, पण तो अर्थ साफ उलटा आहे. शिशाच्या खिळ्यांनी पुस्तक जुळवले की छपाईनंतर ते खिळे सोडवून पुन्हा वापरात घेत, कारण शेकडो पानांचा धातू वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे कोणत्याही छापखान्याला परवडत नसे. पुढे मागणी आली आणि मजकूर बदलायचा नसला, तर पहिल्या छपाईचे स्वच्छ छापील ताव घेऊन त्यांची छायाचित्रे काढीत, त्यांवरून लिथोच्या, म्हणजे सपाट पृष्ठावरून छापण्याच्या, प्लेटा करीत आणि त्या प्लेटांवरून नवे पुस्तक छापीत. ऑक्सफर्डने हे पुष्कळ वेळा केले आणि प्रामाणिकपणे छापूनही ठेवले. 'करेक्टेड' हा शब्द असेल तर प्लेटा करण्यापूर्वी त्या तावांवर चुका दुरुस्त करून घेतल्या होत्या.

कागदावर बोट फिरवूनही हे कळते. खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुतते आणि पानाच्या मागच्या बाजूला त्याचा उठाव हाताला लागतो. तिरप्या उजेडात तो दिसतोही. लिथोच्या छपाईत पान सपाट असते. शिवाय छायाचित्रातून आलेल्या अक्षरांचे बारीक कोपरे थोडे भरलेले किंवा थोडे झिजलेले दिसतात. नुसत्या फोटोवरून हे ठरवू नये.

आणखी एक खूण मला फार उपयोगी पडली आहे. ऑक्सफर्डचा छापखाना पुस्तकात आपल्या मुद्रकाचे नाव छापीत असे आणि त्या नावांच्या कारकिर्दी ठाऊक आहेत: होरेस हार्ट १८८३ ते १९१५, फ्रेडरिक हॉल १९२५ पर्यंत, जॉन जॉन्सन १९४६ पर्यंत, चार्ल्स बॅटी १९५८ पर्यंत आणि व्हिव्हियन रिडलर १९७८ पर्यंत. केंब्रिजकडे वॉल्टर लुइस १९२३ ते १९४५ आणि ब्रुक क्रचली १९४६ ते १९७४. ऑक्सफर्डचे लंडनमधून वितरणाचे काम पाहणाऱ्या प्रकाशकाचे नावही असेच बोलके असते. हेन्री फ्राउड यांचे नाव १९१३ पर्यंत, हंफ्री मिलफर्ड यांचे १९४५ पर्यंत आणि जेफ्री कंबरलेज यांचे १९५६ पर्यंत दिसते. १९३९ च्या पुस्तकात जॉन्सन यांचे नाव हवे. तुमच्या प्रतीत कोणाचे आहे?

वाळवी

आपला तर्क खरा ठरला. वाक्याची सुरुवात 'रीप्रिंटेड लिथोग्राफिकली' अशीच आहे आणि मुद्रक म्हणून व्हिव्हियन रिडलर यांचे नाव आहे. म्हणजे प्रत १९५८ च्या आधीची असूच शकत नाही. इतके दिवस ते नाव मी केवळ शोभेचे समजत होतो.

शुद्धिपत्र

दुसऱ्या प्रतीचा निकाल त्याहून सोपा आहे. हा ग्रंथ ज्या मालिकेतला, ती बोलिंजन फाउंडेशनची ग्रंथमालिका सुरुवातीला प्रिन्स्टनची नव्हतीच. ती न्यूयॉर्कच्या पँथिऑन बुक्सकडून निघत असे आणि कॅम्बेल यांचा ग्रंथ १९४९ मध्ये तिथूनच आला. प्रिन्स्टनने ही मालिका आपल्याकडे घेतली ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस, आणि या ग्रंथाची दुसरी आवृत्ती प्रिन्स्टनच्या नावावर १९६८ ची आहे. म्हणजे नामपृष्ठावर प्रिन्स्टन आणि मागे १९४९ ही जोडीच सांगते की ती पहिली छपाई नव्हे. कॉपीराइटचे साल हक्क केव्हापासून सुरू झाला हे सांगते, कागदावर शाई केव्हा लागली हे सांगत नाही. याच मालिकेतला 'आय चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाचा इंग्रजी अनुवादही १९५० मध्ये पँथिऑनकडून दोन खंडांत आला होता. त्याच्या प्रिन्स्टनच्या एकखंडी प्रती कॉपीराइटचे साल दाखवून 'पहिल्या' म्हणून विकायला ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत.

कोरे पान

मी या विषयात नवा आहे. एका ठिकाणी असा सोपा नियम वाचला की नामपृष्ठावरचे साल आणि मागच्या पानावरचे साल जुळले, आणि दुसऱ्या कोणत्याही छपाईचा उल्लेख नसला, की ती पहिली छपाई समजावी. एवढे पुरेसे नाही का?

निवृत्त ग्रंथपाल

सुरुवात करायला हा नियम चांगला आहे आणि दहांपैकी बहुतेक वेळा तो आपल्याला तारून नेईल. पण छापलेले साल म्हणजे साक्षीदाराचा जबाब. तो तपासून घ्यावा लागतो. ऑक्सफर्डमध्ये छापल्या गेलेल्या पहिल्या पुस्तकावरच रोमन आकड्यांत १४६८ हे साल आहे. ते पुस्तक वस्तुतः १४७८ चे असल्याचे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. जुळवणाऱ्याच्या हातून दहाचा एक 'एक्स' गळला. विद्यापीठाच्या मुद्रणाचा श्रीगणेशाच दहा वर्षांच्या चुकीने झाला, हे संग्राहकांनी विसरू नये!

दुसरी गोष्ट छपाई आणि बांधणी यांतल्या अंतराची. विद्वत्तेच्या पुस्तकांचा खप संथ असतो. म्हणून सगळे ताव एकदम छापून ठेवायचे आणि बांधणी मात्र मागणीप्रमाणे टप्प्याटप्प्याने करायची, अशी पद्धत होती. ऑक्सफर्डने १७१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विल्किन्स यांच्या, कॉप्टिक भाषेतल्या बायबलच्या नव्या कराराच्या ५०० प्रती छापल्या होत्या, आणि त्यांतली शेवटची प्रत विकली गेली १९०७ मध्ये. एकाच छपाईच्या प्रती जवळजवळ दोन शतके विक्रीस होत्या! अशा पुस्तकाच्या दोन प्रतींचे कापड, कण्यावरची सोनेरी अक्षरे आणि शेवटी जोडलेली जाहिरातीची पाने वेगवेगळी असू शकतात, तरीही छपाई दोन्हींची पहिलीच असते. संग्राहक अशा वेळी आधीची बांधणी शोधतात. त्यासाठी शेवटच्या जाहिरातींत पुढच्या वर्षांतल्या पुस्तकांचा उल्लेख आहे का, हे पाहणे उत्तम.

छपाईचा आकडा ठाऊक असला तर तोही उपयोगी पडतो. केंब्रिजने व्हाइटहेड आणि रसेल यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'चा पहिला खंड १९१० मध्ये ७५० प्रतींत छापला आणि १९१२ व १९१३ चे पुढचे दोन खंड प्रत्येकी ५०० प्रतींत. म्हणजे पहिल्या आवृत्तीचे पूर्ण संच ५०० हून अधिक होऊच शकत नाहीत. १९२५ ते १९२७ या काळात दुसरी आवृत्ती निघाली. तीन खंडांचा संच समोर आला तर तिन्ही खंडांची साले स्वतंत्रपणे तपासावीत, कारण दोन आवृत्त्यांचे खंड एकत्र करून जुळवलेले संच मिळतात.

फर्मा

आता तिसऱ्या प्रतीतल्या आकड्यांकडे वळू. या ओळीचे तत्त्व साधे आहे. प्रत्येक नव्या छपाईच्या वेळी सर्वांत लहान आकडा काढून टाकतात. म्हणून ओळीत उरलेला सर्वांत लहान आकडा हा त्या छपाईचा क्रमांक. आकडे चढत्या क्रमाने असोत की उतरत्या, अर्थ तोच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पुस्तकांत ओळ १ पासून ९ कडे जाताना दिसते, इतरत्र १० पासून १ कडे येते. ऑक्सफर्डची विषम आकडे डावीकडे आणि सम आकडे उजवीकडे अशी मांडणी विचित्र वाटते. पण आकडे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने गळत गेले की उरलेली ओळ पानाच्या मध्यभागीच राहते, एवढाच तिचा हेतू. शिकागोच्या अनेक पुस्तकांत ओळीचे दोन भाग असतात. डावीकडे सालांचे शेवटचे दोन अंक आणि उजवीकडे छपाईचे क्रमांक. तिथे डावीकडचे सर्वांत आधीचे साल हे छपाईचे साल समजायचे. ऑक्सफर्डच्या अलीकडच्या पुस्तकांत तर 'इम्प्रेशन : १' असे स्पष्टच छापलेले असते.

पण वाळवी, आपली प्रत कागदी बांधणीची आहे, तिथे थांबून आणखी एक ओळ शोधावी. 'फर्स्ट इश्यूड अॅज अॅन ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस पेपरबॅक' आणि त्यापुढे साल, अशी ती ओळ असते. पुष्कळ वेळा पुस्तक आधी जाड पुठ्ठ्यात येते आणि काही वर्षांनी कागदी बांधणीत. आणि त्या वेळी आकड्यांची ओळ पुन्हा एकपासून सुरू होते. तुमचा एक हा आकडा कागदी बांधणीच्या पहिल्या छपाईचा असू शकतो.

शुद्धिपत्र

साल लपवले गेले असले, किंवा पुनर्मुद्रणाची नोंदच केलेली नसली, तर पुस्तकावरच्या इतर छापील गोष्टी चुगली करतात. पुस्तकाची ओळख पटवणारे नऊ अंकी एसबीएन क्रमांक ब्रिटनमध्ये १९६७ पासून आले. दहा अंकी आयएसबीएनचे आंतरराष्ट्रीय मानक १९७० चे. तेरा अंकी क्रमांक २००७ पासून लागू झाले. म्हणून १९६२ चे म्हणून दाखवलेल्या पुस्तकात आयएसबीएन दिसला, तर पुढे काही वाचायची गरज नाही. अमेरिकी पुस्तकांत लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयाची, ग्रंथालयांच्या सूचीसाठी तयार केलेली नोंद कॉपीराइटच्या पानावर छापण्याची पद्धत १९७१ मध्ये सुरू झाली. कागद टिकाऊ आणि आम्लमुक्त असल्याचे निवेदन ज्या अमेरिकी मानकाचा हवाला देते त्याचा क्रमांक झेड ३९.४८ असा आहे, आणि त्यापुढे १९८४ हे साल असेल तर ती छपाई त्याच्या आधीची नाही, हे उघड आहे. केंब्रिजच्या पुस्तकांत 'ट्रान्सफर्ड टू डिजिटल प्रिंटिंग' अशी ओळ आढळते. ती असली की प्रत मागणीनुसार छापलेली आहे, मग वरची सगळी माहिती पहिल्या छपाईची का असेना.

ऑक्सफर्डचा पत्ताही असाच उपयोगी पडतो. लंडनचे एमेन हाउस १९२४ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, त्यानंतर १९७६ पर्यंत ईली हाउस, आणि मग ऑक्सफर्डमधला वॉल्टन स्ट्रीट. केंब्रिजच्या बाबतीत यूस्टन रोडवरचे बेंटली हाउस १९३८ पासून दिसते. पत्त्यावरून नेमके साल कळत नाही, पण खोटे साल मात्र पकडता येते.

जॅकेटविषयी, म्हणजे पुस्तकावरच्या कागदी वेष्टनाविषयी, सावध राहावे. ते पुस्तकापासून सुटे असते, म्हणून पुढच्या छपाईच्या पुस्तकावर आधीचे जॅकेट किंवा त्याच्या उलटही चढवता येते. जॅकेटवर वृत्तपत्रांतल्या परीक्षणांतले उतारे असतील, तर ते जॅकेट परीक्षणे आल्यानंतर छापले गेले, हे सरळ आहे. प्रकाशनापूर्वी मागवलेले अभिप्राय मात्र पहिल्या जॅकेटवरही असतात. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी प्रेसने १९८० मध्ये जॉन केनेडी टूल यांची 'अ कॉन्फेडरसी ऑफ डन्सेस' ही कादंबरी काढली तेव्हा पहिली छपाई फक्त २५०० प्रतींची होती. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यामुळे पुरस्काराचा उल्लेख असलेले जॅकेट पहिल्या छपाईचे असू शकत नाही. किंमत छापलेली नसेल आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात शाई नसलेला छोटा ठसा दाबलेला असेल, तर ती पुस्तक-मंडळाची (बुक क्लबने आपल्या सभासदांसाठी काढलेली) प्रत असण्याची शक्यता तपासावी.

कोरे पान

एक शंका राहिली. एकच पुस्तक दोन देशांत निघाले असेल तर पहिले कोणते मानायचे?

निवृत्त ग्रंथपाल

ज्याचे प्रकाशन आधी झाले ते. हायेक यांचे 'द रोड टू सर्फडम' लंडनमध्ये रूटलेजने मार्च १९४४ मध्ये काढले, आणि शिकागो विद्यापीठाच्या संस्थेने सप्टेंबरमध्ये २००० प्रती छापल्या. शिकागोची प्रत ही पहिली अमेरिकी आवृत्ती होय. तिला तेवढेच म्हणावे. वर ज्यांचा उल्लेख केला ती आइनस्टाइन यांची व्याख्यानेही पुस्तकरूपात आधी जर्मनमध्ये, १९२२ साली, आली. काही वेळा तर एकाच छपाईचे ताव दुसऱ्या देशात पाठवून, मूळ नामपृष्ठ कापून त्या जागी नव्या प्रकाशकाचे नाव असलेले पान चिकटवलेले असते. नामपृष्ठ फर्म्यात शिवलेले आहे की एखाद्या पट्टीवर चिकटवलेले आहे, हे शिवणीच्या बाजूने पाहिल्यावर समजते.

शंका उरलीच, तर ज्या ग्रंथालयांना कायद्याने प्रत मिळते त्यांच्या प्रतीवर दाखल झाल्याची तारीख शिक्क्याने उमटवलेली असते. तिच्या आसपासची छपाई ती पहिली. अमेरिकी पुस्तकांसाठी कॉपीराइट कार्यालयाच्या छापील सूचींत प्रकाशनाचा दिवसही मिळतो.

वाळवी

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही प्रतींचा निकाल लागला आहे. कॅम्बेल यांच्या ग्रंथाच्या प्रतीत दुसऱ्या आवृत्तीचा उल्लेख कॉपीराइटच्याच पानावर, मी कधी न वाचलेल्या ओळीत होता. कागदी बांधणीच्या प्रतीत फर्मा यांनी सांगितलेली ओळ जशीच्या तशी सापडली. पुठ्ठ्याची बांधणी तीन वर्षे आधीची आहे.

क्लॅरेंडन प्रेसची प्रत घेऊन मी एका ग्रंथालयात गेलो आणि तिथल्या १९३९ च्या प्रतीशी ती पानोपान ताडून पाहिली. ग्रंथालयाच्या प्रतीत जॉन जॉन्सन यांचे नाव आहे, अक्षरांचा उठाव बोटाला लागतो आणि नामपृष्ठाला लागून चार चुकांचे एक शुद्धिपत्र चिकटवलेले आहे. माझ्या प्रतीत शुद्धिपत्र नाही. त्यातल्या तीन चुका मजकुरातच दुरुस्त केलेल्या आहेत. चौथी, एका सूत्रातले वगळले गेलेले चिन्ह, तशीच राहून गेली आहे.